मुलांची शाळा, मुलींची शाळा आणि मग दोघांची

शाळेच्या स्मरणिकेत पहिल्याच पानावर एक वाक्य हमखास सापडतं: ‘अमुक साली आपल्या शाळेची मुहूर्तमेढ रोवली गेली.’ मुलामुलींच्या एकत्र कॅथलिक माध्यमिक शाळेबाबत हे वाक्य बहुधा अर्धंच खरं असतं. अशा शाळेच्या पोटात पुष्कळदा दोन जुन्या शाळा असतात. एक फादरांनी किंवा ब्रदरांनी चालवलेली मुलांची, दुसरी सिस्टरांनी चालवलेली मुलींची. पुढे कधीतरी, बहुतेक ठिकाणी १९६५ नंतर, दोन्ही एक झाल्या. पाटी नवी लागली, पण इतिहास मुलांच्या शाळेचाच पुढे चालू राहिला. मुलींच्या शाळेची दप्तरं सिस्टरांबरोबर निघून गेली आणि तिची कित्येक दशकं स्मरणिकेत दोन ओळींत आटोपली. महोत्सव तोंडावर आला की इतिहास लिहायचं काम कुणाच्या तरी गळ्यात पडतं. त्या माणसाच्या हाती काहीतरी असावं म्हणून हे टिपण.

शाळा मुळात वेगळ्या का होत्या, हे आधी समजून घ्यायला हवं. ते कळलं की कागद कुठे शोधायचे हेही कळतं. कॅथलिक शाळा बहुतेक वेळा एखादा धर्मसंघ, म्हणजे व्रत घेतलेल्या फादर, ब्रदर किंवा सिस्टरांची संस्था, काढतो आणि कुणाला शिकवायचं हे त्या संघाच्या नियमावलीत ठरलेलं असतं. जेझुइट या फादरांच्या संघाने १५४८ साली इटलीत मेसिना इथे संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी कॉलेज उघडलं, १५९९ साली आपली सविस्तर अभ्यासपद्धती छापली, आणि हे सगळं मुलांसाठी होतं. मुलींच्या बाजूला अँजेला मेरिची यांनी १५३५ साली ब्रेशियामध्ये उर्सुलाइन मंडळ सुरू केलं. त्यातल्या स्त्रिया सुरुवातीला आपापल्या घरी राहूनच काम करत. पण कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५६३ मध्ये धर्मभगिनींसाठी बंदिस्त मठाचा नियम कडक केला आणि १५६६ मध्ये पोप पाचवे पायस यांनी तो आणखी आवळला. शिकवणाऱ्या सिस्टर मठाच्या भिंतीआड गेल्या, त्यामुळे मुलींची शाळाही भिंतीआड गेली. जुन्या कॉन्व्हेंट शाळांना उंच कुंपण, वेगळं फाटक आणि रस्त्याकडे पाठ केलेले वर्ग दिसतात, त्याचं मूळ या नियमात आहे.

पुढच्या संघांनीही हीच वाटणी चालवली. फ्रान्समध्ये सतराव्या शतकाच्या शेवटी जाँ-बातिस्त द ला साल यांनी ब्रदरांचा संघ उभा केला, आयर्लंडमध्ये वॉटरफर्डला १८०२ साली एडमंड राइस यांनी, दोन्ही मुलांसाठी. कॉर्कमध्ये नॅनो नॅगल यांनी १७७५ साली आणि डब्लिनमध्ये कॅथरीन मॅकॉली यांनी १८३१ साली सिस्टरांचे जे संघ स्थापन केले, त्यांचा भर मुलींवर राहिला. हे संघ जगभर गेले आणि एकाच धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीत), कधीकधी एकाच रस्त्याच्या दोन अंगांना, दोन शाळा उभ्या राहिल्या. अपवाद होते, तेही महत्त्वाचे. ऑस्ट्रेलियात पेनोला इथे १८६६ साली मेरी मॅकिलॉप यांनी सुरू केलेल्या शाळेत मुलगे आणि मुली दोघंही बसत. लहान वस्तीत वेगळ्या शाळा परवडत नसत, त्यामुळे प्राथमिक वर्ग एकत्र असणं काही नवीन नव्हतं. खरी अडचण माध्यमिक वयाची होती.

ती अडचण पोप अकरावे पायस यांनी ३१ डिसेंबर १९२९ च्या शिक्षणविषयक परिपत्रकात स्पष्ट मांडली. सहशिक्षणाची पद्धत त्यांनी चुकीची आणि ख्रिस्ती शिक्षणाला घातक ठरवली आणि पौगंडावस्थेत तर मुलामुलींना वेगळं ठेवावंच, असं सांगितलं. हा दस्तऐवज मुळातून वाचलाच पाहिजे. १९३० ते १९६० च्या दरम्यान एखाद्या शाळेने मुलींना प्रवेश दिला असेल, तर बिशपच्या कार्यालयाशी झालेल्या पत्रव्यवहारात याच परिपत्रकाचा दाखला देऊन परवानगी मागितलेली किंवा नाकारलेली सापडू शकते. डिसेंबर १९५७ मध्ये रोमच्या धर्मसंघविषयक खात्याने आणखी एक सूचनापत्र काढलं. तत्त्व तेच राहिलं, पण जिथे दोन माध्यमिक शाळा शक्यच नाहीत तिथे बिशपच्या देखरेखीखाली आणि खबरदारी घेऊन वाट काढायला जागा ठेवली. एका छताखाली पण वर्ग वेगळे, असा मधला प्रकारही त्यात वेगळा ओळखला होता. म्हणून जुन्या वेळापत्रकात ‘नववी मुलगे’, ‘नववी मुली’ असे वर्ग दिसले, तर शाळा एकत्र झाली होती की नाही यावर वाद घालत बसू नका. त्या काळी हा एक मान्य टप्पा होता. तो तसाच नोंदवा.

मग २८ ऑक्टोबर १९६५ आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचे, दोन दस्तऐवज त्या एकाच दिवशी जाहीर झाले. एक ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा. त्यात १९२९ ची बंदी पुन्हा उच्चारलेली नाही, शिक्षकांनी मुलगा-मुलगी यांच्यातला फरक ध्यानात ठेवावा एवढंच म्हटलं आहे. दुसरा धर्मसंघांच्या जीवनाच्या नूतनीकरणाविषयीचा. इतिहास लिहिणारे पहिल्याकडे बघतात आणि दुसरा विसरतात. माझं मत विचाराल तर शाळा एकत्र होण्यात दुसऱ्याचा हात जास्त मोठा आहे. संघांनी आपलं काम नव्याने तपासलं, पोषाख बदलले, अनेकांनी संघ सोडला, नवे येणारे कमी झाले. अमेरिकेत १९६५ साली सुमारे १ लाख ८० हजार सिस्टर होत्या. पन्नास वर्षांत तो आकडा ५० हजारांच्या आसपास आला. पगाराविना शिकवणारी माणसं कमी झाली की तिथे पगारी शिक्षक घ्यावे लागतात. मग एकाच गावात दोन प्रयोगशाळा, दोन ग्रंथालयं, दोन मुख्याध्यापक हे गणित बसत नाही.

त्यात सरकारी धोरणांची भर पडली. इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्याने चर्चच्या शाळांना अनुदानाची चौकट मिळाली, १९६५ च्या सरकारी परिपत्रकाने सर्व क्षमतेच्या विद्यार्थ्यांसाठी एकच माध्यमिक शाळा करण्याचा आग्रह धरला आणि त्या फेररचनेत कितीतरी कॅथलिक शाळा एकमेकींत मिसळल्या. आयर्लंडमध्ये १९६७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं आणि पटसंख्या एकदम वाढली. न्यूझीलंडमध्ये १९७५ च्या कायद्याने कॅथलिक शाळा आपलं धार्मिक स्वरूप राखून सरकारी व्यवस्थेत येऊ शकल्या. तुमची शाळा ज्या देशातली असेल, तिथल्या अशा कायद्याचं वर्ष आणि शाळा एकत्र झाल्याचं वर्ष शेजारी शेजारी मांडून बघा. दोन-चार वर्षांचंच अंतर निघालं तर ‘काळाची गरज ओळखून’ हे गुळमुळीत वाक्य खोडून तिथे खरं कारण लिहिता येतं.

आता प्रत्यक्ष काम. पहिला घोळ स्थापनेच्या तारखेचा. एका शाळेला किमान सात तारखा असतात: बिशपने संघाला बोलावल्याचं पत्र, पहिले ब्रदर किंवा सिस्टर गावात पोचल्याचा दिवस, पहिला वर्ग भरल्याचा दिवस, कोनशिला, इमारतीचा आशीर्वादविधी, सरकारी मान्यता आणि माध्यमिकची पहिली तुकडी परीक्षेला बसल्याचं वर्ष. दोन शाळा एकत्र झालेल्या असतील तर या तारखा दोनदा, शिवाय विलीनीकरणाची वेगळी. स्मरणिकांमध्ये सगळ्यात जास्त चुका कोनशिलेमुळे होतात. कोनशिलेवरचं साल पाया घातल्याचं असतं. वर्ग त्याआधी भाड्याच्या घरात सुरू झालेले असू शकतात किंवा इमारत पुरी व्हायला पुढे तीन वर्षं लागलेली असू शकतात. साल पुष्कळदा रोमन अंकांत असतं आणि झिजलेल्या दगडावर एक उभी रेघ दिसली नाही की वर्ष चुकतं. एमडीसीसीसीएक्ससीआयव्ही म्हणजे १८९४. त्यातली शेवटच्या व्हीआधीची आय पुसली असेल तर तेच १८९५ वाचलं जातं. दगडावर सकाळी किंवा संध्याकाळी तिरपा उजेड पडताना फोटो घ्या, अक्षरं उठून दिसतात. खडू किंवा तेल मात्र फासू नका.

तारखांसाठी एक साधी वही करा. रकाने पाच: तारीख, काय घडलं, कुठल्या कागदात सापडलं, तो कागद त्याच वेळचा की नंतरचा, आणि पक्कं की शंकास्पद. चौथा रकाना सगळ्यात मोलाचा. रौप्यमहोत्सवी अंकातली चूक सुवर्णमहोत्सवी अंकाने उचलली, त्यावरून हीरकमहोत्सवी अंकाने, आणि मग ‘तीन ठिकाणी तसंच दिलंय’ म्हणून ती खरी मानली जाते. तिन्हींचा उगम एक असेल तर तो पुरावा एकच धरायचा.

कागद चार ठिकाणी असतात. शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टर, हजेरीपट, तपासणी अधिकाऱ्यांचे शेरे, लॉगबुक. धर्मग्रामात बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आणि चर्चमध्ये वाचलेल्या सूचनांच्या वह्या. प्रवेश कधी सुरू होणार, इमारतीसाठी निधी किती जमला, हे या सूचनांत मिळतं आणि तिथे कुणी बघतच नाही. बिशपच्या कार्यालयात परवानग्या आणि जमिनीचे कागद. आणि धर्मसंघाच्या मातृगृहात (मुख्य मठात) किंवा प्रांतिक कार्यालयात कॉन्व्हेंटचा रोजनामा. हा रोजनामा म्हणजे खरा ऐवज. मठातली एखादी सिस्टर रोजच्या किंवा आठवड्याच्या घडामोडी लिहीत असे: आज गोवर आला म्हणून वर्ग बंद, आज नवं बाकडं आलं, आज दोन सिस्टरांची बदली. चर्चच्या कायद्यानुसार मठ उघडायला बिशपची लेखी संमती लागते आणि बंद करायच्या आधी त्यांचा विचार घ्यावा लागतो. म्हणजे मठ बंद झाल्याचे कागद निघायलाच हवेत. मुलींच्या शाळेचा माग तिथूनच सुरू करा. मठ ज्या वर्षी बंद झाला, त्या वर्षी सामानाची यादी झाली असेल, आणि कुठली पेटी कुठे गेली ते तिच्यात असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

संघाला पत्र लिहिताना ‘आमच्या शाळेविषयी जे काही असेल ते पाठवा’ असं लिहिलं तर उत्तर येत नाही, किंवा एक छापील पत्रक येतं. तिथे बहुधा एखादी वयस्क सिस्टर एकटी संग्रह सांभाळत असते. नेमकं मागा: मठाचं नाव व गाव, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, आणि चारच गोष्टी, रोजनामा, दर वर्षी तिथे असलेल्या सिस्टरांची यादी, वरिष्ठांच्या भेटीचे अहवाल, फोटो. पत्र योग्य संघाला जातंय ना, हेही तपासा. ‘ख्रिश्चन ब्रदर्स’ हे नाव दोन वेगळ्या संघांना लावलं जातं, ला साल यांच्या आणि राइस यांच्या. नावापुढची अक्षरं बघितली की गोंधळ टळतो: एफ.एस.सी. असेल तर ला सालचे, सी.एफ.सी. असेल तर राइस यांचे. ‘सेंट जोसेफच्या सिस्टर’ या नावाचे तर कितीतरी स्वतंत्र संघ आहेत. बिशपच्या दप्तरखान्यात जायला बिशपची, किंवा कार्यालयाचे प्रमुख आणि चॅन्सलर (दप्तर सांभाळणारा अधिकारी) या दोघांची परवानगी लागते. ती लेखी घ्या. गुप्त दप्तर म्हणून तिथे एक वेगळं कपाट असतं, ते संशोधकांसाठी नसतं आणि शाळेच्या इतिहासाला त्याची गरजही पडत नाही.

मुख्याध्यापिकांची यादी हा दुसरा मोठा घोळ. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेआधी सिस्टर व्रत घेताना नवं नाव घेत आणि तीच ती नावं फिरत राहत. एकीच्या निधनानंतर तेच नाव दुसरीला मिळे. १९६५ नंतर अनेकींनी आपलं मूळ नाव परत घेतलं. म्हणून एकाच नावाच्या दोन सिस्टर यादीत एक होतात आणि एकच सिस्टर दोन नावांनी दोनदा येते. यावर एक उपयोगी कसोटी आहे. १९१८ पासून लागू असलेल्या जुन्या चर्च-कायद्यानुसार मठाच्या प्रमुखाची मुदत तीन वर्षं होती, ती एकदा वाढवता येई, पण त्याच मठात लगेच तिसऱ्यांदा नेमणूक होत नसे. म्हणजे सलग सहा वर्षं. बऱ्याच ठिकाणी मठप्रमुख आणि मुख्याध्यापिका एकच असे. त्यामुळे जुन्या यादीत सहा-सहा वर्षांचे टप्पे दिसले तर यादी बरोबर असण्याची शक्यता जास्त. एखादी सिस्टर सलग अकरा वर्षं मुख्याध्यापिका दिसली, तर एक तर तिच्याकडे मठाची जबाबदारी नव्हती, किंवा तिथे दोन बायका एका नावाखाली दबल्या आहेत. संघाच्या नोंदवहीतली जन्मतारीख, व्रतग्रहणाची तारीख आणि मृत्यूची तारीख तिन्ही मिळवल्याशिवाय नाव पक्कं करू नका. या बायकांनी आपलं आडनावसुद्धा मागे ठेवून आयुष्य शाळेत घातलं. निदान त्यांची नावं तरी नीट छापली जावीत.

आता विलीनीकरणाच्या वर्षाचं जनरल रजिस्टर उघडा आणि शांतपणे बघा. एका पानापर्यंत एकच वळण, फक्त मुलांची नावं, क्रमांक ओळीने चाललेले. मग पान उलटलं की शाई बदलते, अक्षर बदलतं आणि मुलींची नावं एकापाठोपाठ एक, सगळ्यांची प्रवेशाची तारीख एकच. ‘आधीची शाळा’ या रकान्यात वरच्या नावापुढे कॉन्व्हेंट शाळेचं नाव आणि खाली पानभर वरच्याप्रमाणेच्या खुणा. ही एका दिवसात झालेली बदली आहे. माजी विद्यार्थ्यांची एकूण संख्या काढताना इथेच चूक होते. समजा, मुलींच्या शाळेचा शेवटचा क्रमांक २८४० होता आणि मुलांच्या शाळेचा ४१०५. त्या दिवशी शाळेत असलेल्या ३६० मुलींना नवे क्रमांक मिळाले, ४१०६ ते ४४६५. दोन्ही रजिस्टरांची बेरीज केली तर ७३०५ येते, पण खरी माणसं ६९४५, कारण ३६० मुली दोनदा मोजल्या गेल्या. शिवाय अनेक कॉन्व्हेंटमध्ये बालवर्गात लहान मुलगेही घेत आणि सात-आठ वर्षांचे झाले की त्यांना ब्रदरांकडे पाठवत. तेही दोन्हीकडे आहेत. नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख असे तीन रकाने जुळवून ही दुहेरी नावं काढावी लागतात. कामाचे तास बरेच जातात, पण त्याशिवाय आकडा छापू नये.

विलीनीकरण एका दिवसाचं नसतं हेही ध्यानात ठेवा. पुष्कळदा आधी काही वर्षं वरच्या वर्गातल्या मुली भौतिकशास्त्रासाठी मुलांच्या शाळेत जात, कारण कॉन्व्हेंटमध्ये प्रयोगशाळा पुरेशी नसे. मुलांच्या शाळेत संगीत किंवा गृहशास्त्र शिकवणारं कुणी नसे, ती उणीव कॉन्व्हेंट भरून काढी. या देवाणघेवाणीचा पुरावा वेळापत्रकात मिळतो: तास सुटायच्या आधी दहा मिनिटं मोकळी सोडलेली असतात, ती चालत जाण्याची. एकत्र झाल्यावरच्या अडचणीही कागदांवर उमटलेल्या असतात. मुलींसाठी स्वच्छतागृहं बांधायचा खर्च, दोन्ही शाळांच्या शिक्षकांची एकत्र सेवाज्येष्ठता यादी, मुख्याध्यापक कोणत्या बाजूचा, नाव कोणाचं राहणार, गणवेशाचा रंग. सेवाज्येष्ठतेवरचे वाद बैठकांच्या इतिवृत्तात पानंच्या पानं भरतात, आणि ते वगळू नयेत. नाव मुलांच्या शाळेचं राहिलं, मुख्याध्यापक तिकडचाच झाला आणि मुलींच्या शाळेचे मानफलक उतरवले गेले, असं झालं असेल तर तसंच लिहा. ते फलक बहुतेक कुठल्यातरी कोठीत भिंतीकडे तोंड करून ठेवलेले असतात. त्यांच्यावर नवा रंग देण्याआधी खालची अक्षरं फोटोत घ्या.

फोटोंची तारीख पोषाखावरून ढोबळ लागते. कपाळ झाकणारी कडक पांढरी पट्टी आणि पायघोळ झगा असेल तर बहुधा १९६५ च्या आधीचा. आखूड झगा आणि केस दिसणारं शिरोवस्त्र असेल तर नंतरचा. पण वृद्ध सिस्टर जुना पोषाख सोडत नसत, त्यामुळे फोटोतल्या सगळ्यात तरुण सिस्टरकडे बघायचं. एका फोटोत दोन प्रकारचे पोषाख दिसले तर तो बदलाच्या काळातला, आणि तो जपून ठेवावा.

जुन्या विद्यार्थ्यांशी बोलताना ‘कोणत्या साली?’ असं विचारू नका, साल कुणालाच आठवत नाही. ‘तुम्ही तेव्हा कितवीत होता? वर्गशिक्षक कोण?’ असं विचारा आणि साल रजिस्टरावरून तुम्ही काढा. एक बैठक तासा-दीड तासाच्या वर नेऊ नका, सोबत फोटो न्या, आणि मुलींच्या शाळेत शिकलेल्यांना आधी गाठा, कारण त्या शाळेचे कागद कमी उरलेले असतात.

रजिस्टर हाताळताना पेन नको, पेन्सिलच ठेवा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावली की काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडून अक्षरं खातो. लॅमिनेशन तर मुळीच नको. प्रत्येक पानाचा फोटो पान क्रमांकासह घ्या. रजिस्टरात पालकांचा व्यवसाय, फी माफीचं कारण, शाळेतून काढल्याचं कारण, जन्माविषयीची नोंद अशा गोष्टी असतात. त्या मोजणीसाठी वापरा, नावासकट छापू नका.

मजकूर तयार झाला की छपाईआधी एक प्रत सिस्टरांच्या संग्रहाकडे आणि एक ब्रदरांच्या किंवा फादरांच्या संग्रहाकडे तपासायला पाठवा आणि उत्तराला दोन महिने तरी द्या. तारखांची ती पाच रकान्यांची वही पुस्तकाच्या शेवटी जशीच्या तशी छापा, शंकास्पद नोंदींसकट. आणि रजिस्टरांच्या फोटोंची एक प्रत शाळेत, एक बिशपच्या दप्तरखान्यात आणि एक एक दोन्ही संघांकडे ठेवा.